बेसनाच्या पोत्यांवरची बॅच

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. कोणी म्हणून आणत नाही, आणि एक दिवस ओट्याखालचं कपाट उघडावं तर सगळ्या बदाबदा पायावर! आमच्या एमबीएच्या बॅचचे किस्से असेच कोंबून ठेवलेले होते. परवा प्रदीपचा फोन आला, "शुभे, तू एकदा लिहून काढ यार. मी सांगतो तर माझी नात म्हणते, आजोबा फेकतायत." म्हणून बसले लिहायला. थोडा मसाला पडेल, आधीच सांगते. इंदूरच्या माणसाला बिनमसाल्याचं काही जमत नाही. एक माझे बाबा सोडले तर. त्यांच्याकडे येऊच.

तर आमची बॅच. संध्याकाळचे क्लास. एमबीए म्हणजे काय हे तेव्हा आमच्याकडे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. माझी मावशी लोकांना सांगायची, "शुभा एम.ए.च करतेय, जरा लांबवून." शिकवायला दुबेसर. ते रोज एक केस द्यायचे, मतलब कुठल्या तरी कंपनीचं दुखणं, आणि आम्ही इलाज सांगायचा. आम्ही एका बाजूनं असं, दुसऱ्या बाजूनं तसं, करत लांबण लावली की सर डस्टर आपटायचे, "बहुत अच्छा! अब डिसीजन बोलो!" आणि कोणी पटकन डिसीजन बोललाच तर लगेच, "फील्ड देखा? बिना देखे बोलता है?" दोन्हीकडून मार!

पास झाल्यावर हुशार मुलं दिल्ली-मुंबईला गेली. आम्ही चौघं राहिलो. मी, बँकेत. प्रदीप पुरोहित, सेल्समध्ये. नवीन जैन, वडिलांच्या नमकीनच्या दुकानात. आणि मिलिंद वानखेडे, महूचा, कापडाच्या मिलमध्ये. दर रविवारी सकाळी नवीनच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही जमायचो. खाली कढई चढलेली, वर बेसनाची पोती, पोत्यांवर आम्ही, हातात पोहे. प्रत्येकानं आपलं अपडेट द्यायचं. ज्याचं काही अडलं असेल त्याची केस घ्यायची, बाकीच्यांनी डिसीजन बोलायचं, आणि जे ठरेल ते त्यानं करायचं म्हणजे करायचंच. नाही केलं तर पोत्यावर जागा नाही, पुढचे सगळे रविवार उभ्यानं पोहे खायचे.

आता एक गोष्ट लपवून काही उपयोग नाही. मला आणि मिलिंदला लग्न करायचं होतं. बॅचला माहीत होतं, आईला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. बाबा म्हणायचे, "मुलगा हुशार आहे, पण..." आणि पेपर तोंडासमोर धरायचे. पुढे काय ते सगळ्या घराला कळायचं. आम्ही होळकरांच्या वेळेपासून दफ्तरात कारकुनी करणारे ब्राह्मण. वानखेडे बौद्ध, आजोबा आणि वडील दोघंही फौजेत. बाबा जातीचा शब्द तोंडातून काढायचे नाहीत, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं! 'पण'शी कसं भांडणार?

*

आधी नवीनचा किस्सा, कारण बसायची पोती त्याची.

नवीनच्या वडिलांना सगळा बाजार बाऊजी म्हणायचा. पोराचं एमबीए म्हणजे बाऊजींच्या मते एक शौक. "कोई पतंग उड़ाता है, हमारा वाला एमबीए करता है." डिग्री हातात आल्यावर नवीननं पहिलं काम काय केलं, तर दुकानाचा ऑर्गनायझेशन चार्ट! आम्ही चौघांनी मिळून काढला, मोठ्या चार्टपेपरवर, रंगीत स्केचपेननं. सगळ्यात वर चौकोनात 'चेअरमन : बाऊजी'. त्याखाली 'मॅनेजिंग डायरेक्टर : नवीन'. मग कढईवरचे महाराज 'प्रॉडक्शन', मुनीमजी 'फायनान्स', आणि काउंटरवर पुड्या बांधणारे रामलालजी 'मार्केटिंग'.

बाऊजींनी चष्मा पुसला. बोट ठेवत एकेक चौकोन वाचला. आम्हाला वाटलं, आता फाडतात.

"बनाया तो अच्छा है," ते म्हणाले. "पर इसमें तेरी मम्मी कहाँ है?"

"मम्मी तो घर पे रहती हैं, बाऊजी."

"सुनो मुनीमजी, एमबीए सुनो!" असं म्हणून बाऊजींनी स्केचपेन घेतलं आणि चेअरमनच्याही वर, जिथं जागाच उरली नव्हती तिथं, कागदाच्या अगदी कडेला एक चौकोन काढला. आत काहीच लिहिलं नाही.

"नाम तो लिखो, बाऊजी."

"जरूरत नहीं है. सबको मालूम है."

तो चार्ट दुकानात बरीच वर्षं लटकलेला होता. रिकाम्या चौकोनाला नवीनची बायको, आमच्या भाभी, उदबत्ती दाखवायच्या, असं प्रदीप सांगतो. पण तो फेकतो.

*

प्रदीपचं अपडेट दर रविवारी नवं असायचं. तेव्हा सरकारनं दारं उघडली होती, रोज कुठली तरी कंपनी शहरात येत होती, आणि जी येईल तिच्यात प्रदीप असायचा. आधी पाण्याचे फिल्टर, मग रंगीत टीव्ही, मग व्हॅक्यूम क्लीनर, मग पेजर. नोकरीपेक्षा त्याला व्हिजिटिंग कार्डाचं वेड. नवं कार्ड छापून आलं की आधी आईच्या हातात, मग देवापुढे, मग आमच्या पोह्यांच्या प्लेटखाली.

तर देवासची एक मुलगी सांगून आली. वडील शाळेत हेडमास्तर. मुलगी पाहायला प्रदीपबरोबर आम्ही तिघंही गेलो, बॅच म्हणून. चहा झाला, मुलगी येऊन गेली, प्रदीप एकदम खलास! खिशातून पेजर कंपनीचं कोरं करकरीत कार्ड काढलं आणि आता हेडमास्तरांना द्यायचं, तेवढ्यात तेच म्हणाले, "एक विचारू का, राग मानू नका. तुमच्याच नावाचा आणखी एक मुलगा इंदुरात आहे. प्रदीप पुरोहित. फिल्टरच्या कंपनीत." आणि टेबलाच्या खणातून त्यांनी प्रदीपचंच जुनं कार्ड काढलं! "शाळेत येऊन गेला होता. मी नव्हतो. पण आमचा हेडक्लार्क म्हणाला, फार स्थिर मुलगा. तासभर बसला, जागचा हलला नाही. त्याची काही माहिती आहे का तुम्हाला? तुमचं असं... कंपन्या फार बदलता असं कळलं."

प्रदीपचा हात तसाच हवेत. मी ओठ चावून बसलेली. नवीन छताकडे बघतोय. शेवटी मिलिंदनं घसा साफ केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "ओळखीचा आहे माझ्या. चांगला मुलगा आहे. मी बोलून बघतो त्याच्याशी."

पुढच्या रविवारी केस घेतली. डिसीजन एकमतानं : फिल्टर कंपनीत परत जा. प्रदीप रडकुंडीला आला, "भिया, पेजर फ्यूचर आहे!" पण नियम तो नियम. गेला बापडा परत. लग्न झालं, त्याच कार्डावर. आणि आता बघा, पेजर कुठे आहे? फिल्टर अजून घरोघरी आहे. प्रदीपही अजून तिथूनच रिटायर झाल्याच्या बढाया मारतो.

*

मिलिंदचं अपडेट मात्र आम्हाला सगळ्यांत आवडायचं, कारण त्याचं दर थोड्या दिवसांनी प्रमोशन व्हायचं.

तो मिलमध्ये असिस्टंट पर्सोनेल ऑफिसर म्हणून लागला. काही महिन्यांत असिस्टंट गेलं, नुसता ऑफिसर झाला. आम्ही जिलेबी मागवली. मग पर्सोनेल मॅनेजर. परत जिलेबी. मग पर्सोनेलबरोबर स्टोअर्सही त्याच्याकडे, मग सिक्युरिटीही. प्रदीप जळायचा. "मी इतक्या कंपन्या फिरलो, मला एक प्रमोशन नाही, हा एका जागी बसून चढून राहिलाय!" मी घरी जाऊन मुद्दाम बाबांना ऐकू जाईल असं आईला सांगायची, "मिलिंदला पुन्हा प्रमोशन!" बाबा पेपर खाली करायचे. "यात तर मिल बंद होणार म्हणून आलंय."

"होऊ दे की. तो तर वर चाललाय!"

काय म्हणावं आम्हाला! चौघं एमबीए, दोन वर्षं मॅनेजमेंट घोकलेलं, आणि हा इतका भराभर वर का चाललाय हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? शेवटी एका रविवारी मिलिंद म्हणाला, "ॲक्टिंग जनरल मॅनेजर झालो." आम्ही टाळ्या वाजवल्या. नवीननं खाली ओरडून जिलेबी सांगितली. मग सहज विचारलं, "वानखेडेजी, अभी आपके नीचे कितने लोग हैं?"

मिलिंदनं पोह्यांवरची शेव बाजूला केली. "दोन चौकीदार. आणि टायगर."

"टायगर कोणत्या डिपार्टमेंटला?" प्रदीपनं विचारलं, खरंच विचारलं!

"सिक्युरिटी. पण तो मला रिपोर्ट करत नाही, चौकीदाराला करतो. त्याला भाकरी तो घालतो."

हसून हसून प्रदीप पोत्यावरून घसरला. मिलिंदही हसला. पण मला त्याचा चेहरा बघवेना. वरचे साहेब लोक एकेक करून सटकले होते, आणि गेटवर उभं राहून रोज कोणाला तरी 'उद्यापासून येऊ नका' सांगायचं काम यानं केलं होतं. त्यातले अर्धे त्याच्या वडिलांच्या वयाचे. ते कोणी चिडले नाहीत, उलट त्यालाच विचारायचे, "साहब, आपका क्या होगा?" हे त्यानं प्लेटमधल्या शेवेशी खेळत सांगितलं. त्या दिवशीची जिलेबी तशीच राहिली. नंतर बाऊजींनी ती टायगरला पाठवली.

*

माझा एक किस्सा मध्येच सांगून घेते, नाहीतर म्हणाल ही सगळ्यांची उडवते, स्वतःचं झाकते.

आमच्या ब्रँचला कंप्यूटर मंजूर झाला. कंप्यूटरला गरम चालत नाही, म्हणून आधी काचेची खोली झाली, मग तिला एसी बसला, आणि एमबीए म्हणून मी इन-चार्ज. कंप्यूटर काही आला नाही. तो येतोय, येतोय, आणि इकडे मे महिना! मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं की यापुढे सगळ्या मीटिंग कंप्यूटर रूममध्ये. मग काय, रोज मीटिंग! सकाळी मीटिंग, जेवणानंतर मीटिंग. कॅशियर सतरंजी घेऊन यायचे. आमच्या ब्रँचमध्ये इतका विचारविनिमय ना आधी कधी झाला, ना नंतर. वरच्या ऑफिसातून पत्र आलं, की तुमच्या ब्रँचचा कंप्यूटरबद्दलचा उत्साह बाकीच्यांनी घेण्यासारखा आहे.

पुढच्या उन्हाळ्यात कंप्यूटर एकदाचा आला. टेबलांवर मांडला, प्रिंटर आणि वायरींसकट सगळी खोली त्यानंच भरली. पेढे वाटून झाले. मॅनेजरसाहेब दारात उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

"बाकी सब ठीक है, शुभाजी," ते म्हणाले. "पर अब हम बैठेंगे कहाँ?"

*

मिल बंद झाली. बाबांचं काम सोपं झालं. आता ते 'पण' म्हणून थांबायचे नाहीत, पुढे म्हणायचे, "पण नोकरीचं स्थिर नाही ना." मी म्हटलं चला, निदान वाक्य पुरं करायला लागले! मिलिंदला पुण्याहून एक बोलावणं होतं. तो गेला असता तर काय झालं असतं, मला विचार करवत नव्हता. त्याची केस घेतली. माझा यात स्वार्थ, म्हणून मला बोलायला बंदी. मी पोत्यावर बसून बेसन चिवडत होते.

प्रदीप म्हणाला, "पुणे. फ्यूचर आहे." पेजरपासून त्याच्या फ्यूचरवर कोणाचा भरवसा नव्हता. नवीन म्हणाला, "अपन पोलोग्राउंडच्या इंडस्ट्रियल एरियात शेड घेतलीय. पॅकिंगची मशीन येऊन राहिलीय. आता शेव कागदाच्या पुड्यात नाही, चमकीच्या पाकिटात जाईल, बाहेरगावी जाईल. मशीन मी चालवीन. माणसं मला सांभाळता येत नाहीत, मी बाऊजींसारखा ओरडतो. वानखेडेजी, तुम्ही या. आणि एकटे नका येऊ, तुमच्या मिलवाल्यांना घेऊन या."

डिसीजन झालं. मिलिंद मिलमधल्या कितीतरी बायकांना घेऊन पोलोग्राउंडला आला. पहिल्या दिवशी दारात त्यानं एकेकीचं नाव घेऊन 'उद्यापासून यायचं हं' म्हटलं, आणि मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. नवीननं मला नंतर सांगितलं. मीही पुसले.

आमच्या अन्नपूर्णा रोडच्या घरी मात्र बॉम्ब फुटला. "एमबीए करून शेवेच्या कारखान्यात?" बाबा म्हणाले. तेव्हा नवीन आणि मिलिंद दोघं पाकिटं घेऊन घरीच आले. बाबांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे सगळं ठीक आहे. पण याच्यात स्थिर काय आहे?"

"काका," मिलिंद म्हणाला, "कापड बंद पडलं, मान्य आहे. इंदुरात शेव बंद पडेल का?"

बाबा ट्रेझरीतले. तोंडदेखलं बोलणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "नाही. ते शक्य नाही." आतून आईचं हसू ऐकू आलं.

मग नवीननं आग्रह केला म्हणून बाबांनी लवंगी शेवेची एक काडी तोंडात टाकली आणि तांब्याभर पाणी प्यायले. आमच्याकडे वरणात मिरची दाखवून काढायचे इतकंच. बाबांचं पोट जन्माचं नाजूक, आणि आजोबांचंही तसंच. घरात ते जवळजवळ कुळाचारासारखंच होतं. "तिखट आमच्याकडे चालत नाही," बाबा पाकीट लांब सारत म्हणाले. ते दोघं गेल्यावर म्हणाले, "मुलगा हुशार आहे. बोलतो नीट. नोकरीचंही आता म्हणण्यासारखं काही नाही. पण..."

आणि पेपर! पुन्हा पहिल्या जागेवर! मी त्या दिवशी जेवले नाही.

*

शेवटी माझी केस घेतली. माझी आणि मिलिंदची. आम्ही दोघं खिडकीशी उभे, बोलायला बंदी. पंच दोन, प्रदीप आणि नवीन.

प्रदीप म्हणाला, "पळून जा. गाडीची व्यवस्था मी करतो." नवीननं मान हलवली. "फील्ड देखा? काकांनी फील्ड पाहिलंय का? काका कधी महूला गेलेत?"

नव्हते गेले. सगळा जन्म इंदुरात काढला, महू एवढंसं लांब, आणि पाऊल टाकलं नव्हतं. आणि हे कोण, तर ज्यांनी ट्रेझरीत सगळा जन्म न पाहता एकही शेरा मारला नाही! एखाद्या ऑफिसचं छत गळतंय म्हणून बिल आलं तर बाबा पावसात जाऊन त्या छताखाली उभे राहायचे. राऊला प्लॉट घ्यायचा तर उन्हाळ्यात पाहून आले, पावसाळ्यात पाहून आले, थंडीत पाहून आले, तोवर तो दुसऱ्यानं घेतला.

डिसीजन : काकांनी महूला जाऊन पाहणी करावी. काकांना सांगणार कोण? सेल्समन. प्रदीप शर्टाचं वरचं बटण लावून आमच्याकडे आला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड.

"काका, ट्रेझरीत तुम्ही कधी न पाहता शेरा मारलात?"

"कधीच नाही."

"मग महूच्या बाबतीत कसा मारला?"

बाबा लालबुंद. "मी काही शेरा मारलेला नाही!"

"काका, तुम्ही 'पण' म्हणालात. तो शेराच झाला ना."

बाबा उठून आत निघून गेले. प्रदीप माझ्याकडे बघून अंगठा दाखवून गेला. मला तर वाटलं, यानं होतं नव्हतं तेही घालवलं. पुढे कितीतरी दिवस बाबा कोणाशी धड बोलले नाहीत. पेपर मात्र उलटा धरलेला मी स्वतः पाहिला.

आणि एका रविवारी सकाळी बाबा कोट घालून तयार! हातात छत्री, ऊन असून. "महूला जातोय. पाहणीला," ते आईला म्हणाले. "चहापाणी काही घेणार नाही. बारापर्यंत परत. जेवायला घरीच." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी नवीनच्या दुकानात फोन केला, त्यानं महूला केला.

मी धावत पोत्यांच्या खोलीत पोचले, आणि थोड्या वेळानं बघते तर मिलिंदही तिथे. त्याच्या वडिलांनी त्याला घरातून बाहेर काढलं होतं. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, आवाज अजून परेडचा. म्हणाले, "तू जा. पाहणी आमची आहे, तुझी नाही." मग आम्ही चौघं नुसते बसून राहिलो. अपडेट कोणाकडेच नव्हतं. पोहे गार झाले. बाऊजी वर येऊन बघून गेले, "अरे भाई, कुछ तो बोलो! कोई मर गया क्या?" मिलिंद माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. जन्मभराचं काय ते महूत ठरत होतं, आणि आम्ही बेसनावर!

दुपारी मी घरी आले तर बाबा नव्हते. आईनं दोन पानं झाकून ठेवलेली. "बस चुकली असेल," ती म्हणाली. मग म्हणाली, "ऊन फार आहे, सावलीला थांबले असतील." मग देवापाशी जाऊन बसली. मला एकदा वाटलं भांडण झालं, एकदा वाटलं बाबा नुसते बाहेरून घर पाहून भलतीकडेच निघून गेले. मी दाराशी जाऊन यायची, पुन्हा जायची.

दिवेलागणीला फाटक वाजलं. बाबा आले ते डोळे लाल, नाक लाल, हातातला रुमाल ओलाचिंब. माझा धीरच सुटला. रडले? बाबा? मी त्यांना कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. उभ्यानं सगळा रिकामा केला. कोट काढला, छत्री खुंटीला लावली, बूट जोडीनं ठेवले. एक सणसणीत उचकी लागली, ती गिळली.

"पान वाढू?" आईनं विचारलं.

"नको."

खुर्चीत बसले. पेपर तिथंच हाताशी होता. ते काही बोलेनात, आई काही विचारेना, आणि मला सहन होईना. मी जवळजवळ ओरडलेच, "बाबा, आता डिसीजन बोला!"

बाबांनी रुमालानं पुन्हा एकदा नाक पुसलं.

"भाजी जहाल तिखट होती," ते म्हणाले, "पण..."

मी डोळे मिटून घेतले. आता पेपरची घडी उलगडल्याचा आवाज येणार. आला नाही.

"...पण मी दोनदा मागून घेतली."